आयटम चाळीस मिनिटांचा

सकाळी 6.00

डिसेंबरात पुण्यात सहाला अंधारच असतो. व्यायामशाळेची किल्ली मास्तरांकडे असते. आत आल्यावर ते आधी दोर बघतात आणि मग दिवे लावतात, कारण दोर ते हातानेच बघतात. तुळईवरून खाली आलेल्या एकेका दोरावरून, पट्ट्यावरून बोटं फिरवायची, कॅराबिनरचा स्क्रू शेवटपर्यंत फिरलाय ना ते नखाने चाचपायचं, पेटीतलं स्विव्हेल कानाशी नेऊन फिरवायचं. करकरलं तर ते त्या दिवसापुरतं बाद, मग कुणी कितीही सांगो.

पोरं तोवर कुडकुडत सूर्यनमस्कार घालत असतात. अंगठ्या, बांगड्या, घड्याळं डब्यात. वरून लोंबणाऱ्या, कसरतीच्या ज्या कापडाला सगळे सिल्क म्हणतात ते रेशमी नसतंच, नायलॉनचं असतं. त्यात अंगठीचा खडा अडकून धागा ओढला गेला की पुढची फाट तिथूनच सुरू होते. 55 किलोची मुलगी गुंडाळी सोडत भर्रकन खाली येते आणि झटका देऊन थांबते, तेव्हा वरच्या हुकासाठी ती 55 किलोची राहत नाही. दोन-तीन पट होते, कधी त्याहूनही जड. हुक निवडायचा तो या झटक्याच्या हिशेबाने.

मास्तर मूळचे तलश्शेरीकडचे. उमर गेली ती झुल्यावर, तीही कॅचर म्हणून. उलटं लटकायचं आणि समोरून उडत येणाऱ्याला मनगटाशी धरायचं. तळवा कधी धरायचा नाही, तळव्याला घाम येतो. त्यांचं मराठी तंबूतलं आहे. निम्मं हिंदी, मधूनच मल्याळी, शिव्या मात्र अस्सल सातारी. तलश्शेरीचं आणि आपलं नातं जुनं. मुंबईत आलेली चिआरिनीची इटालियन सर्कस बघून विष्णुपंत छत्र्यांनी 1880 साली पहिली देशी सर्कस उभी केली. पुढे ती दक्षिणेत गेली, तेव्हा तलश्शेरीचे कीलेरी कुन्हिकण्णन त्यांना भेटले. कसरती आणि मर्दानी खेळ शिकवणारा हा माणूस. त्यांनी 1901 साली तिथे सर्कशीची शाळाच काढली. देशभरच्या तंबूंना झुलेवाले पुरवले ते त्या मुलखाने. हे मी कार्यशाळेत कौतुकाने सांगत असते आणि मास्तर मागून म्हणतात, "छत्रे घोडेवाले. झुला हमारा."

आमची बहुतेक मुलं मल्लखांबातून आलेली. मी स्वतः दोरीच्या मल्लखांबावर वाढले. पकड, पोट, दम, सगळं त्यांच्यात तयार असतं. नसतं ते फक्त सावकाश काम करणं. स्पर्धेतला संच दोन मिनिटांच्या आत आटपतो, सगळं फटाफट. आमचे कार्यक्रम लग्नांतले; तिथे हवेत सात मिनिटं काढायची असतात, तीही घाई नसल्यासारखी आणि वर हसत. उलटं लटकून हसायला शिकवणं हा आमचा सकाळचा निम्मा अभ्यास.

8.15

फोन सुरू होतात. "मॅडम, काहीतरी हटके पाहिजे." हटके म्हणजे काय, हे तीन वाक्यांत कळतं. नवऱ्या मुलाच्या एंट्रीला आग, दाराशी काठ्यांच्या पायांवरचे दोघे, मुलांच्या कोपऱ्यात जगलर. जोकर नको असतो, "जोकरला बघून मुलं रडतात हो." त्यानंतरचा प्रश्न ठरलेला, "किती मिनिटांचा आयटम?" आणि उत्तर ऐकल्यावरचाही ठरलेला, "सात मिनिटांचे एवढे?"

मी यावर वाद घालत नाही, उलट आपले प्रश्न विचारते. जमीन कसली आहे? माती, फरशी की हिरवळ? छत आहे का, असेल तर किती उंच? ट्रस कोण उभारणार आणि त्यावर माणूस टांगायचाय हे त्याला आधी सांगितलंय का? लाइटच्या माळा किती उंचीवर आहेत? कपडे बदलायला बंद दाराची खोली आहे का? या शेवटच्या प्रश्नावर पलीकडे हमखास शांतता पसरते. ज्याला यातलं एकही उत्तर माहीत नाही आणि जो शोधूनही देत नाही, त्याचं काम मी घेत नाही, मग तो पैसे कितीही देवो.

आज एकाने विचारलं, "लहान मुली नाहीत का तुमच्याकडे? अंग वाकवणाऱ्या? फार गोड दिसतं." नाहीत, आणि असत्या तरी पाठवल्या नसत्या. सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी घालायला सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली केंद्र सरकारला सांगितलं. त्याआधी तंबूत काय काय चालायचं, हे मास्तरांना विचारा. तेच सहा-सात वर्षांचे असताना तंबूत आले. ते या बंदीच्या बाजूने आहेत, ठामपणे. फक्त मधूनच म्हणतात, "अंग तो बचपन में ही खुलता है." दोन्ही खरं आहे. पूर्वी हे कसब घरच्या किंवा विकत आणलेल्या मुलांच्या अंगात पोटासाठी मुरवलं जायचं. आता फी भरणाऱ्या घरांतली मुलं शनिवारी येऊन ते हौसेने शिकतात आणि पाचला स्विमिंगला जातात. मला हा बदल बरा वाटतो. पण ज्या घरांत हे कसब पिढ्यान्‌पिढ्या होतं, तिथली मुलं फी भरून शिकायला येणार नाहीत, एवढंही मला दिसतं.

10.00

शाळेत कार्यशाळा. सातवीचे दोन वर्ग एकत्र, सभागृहात. शाळेला आधी फायदे कागदावर लागतात, तर तेही देते. 2004 साली 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. तीन महिने जगलिंग शिकलेल्या माणसांच्या मेंदूत हालचाल टिपणाऱ्या भागातला करडा पदार्थ वाढलेला दिसला आणि सराव सोडल्यावर परत कमी झाला. मुख्याध्यापिकांना पहिला अर्धा भाग आवडतो. मला दुसरा जास्त पटतो.

सुरुवात रुमालांनी. पातळ, झिरझिरीत, तरंगत खाली येणारे. डोळ्यांना वेळ मिळतो, हात गडबडत नाहीत. मग चेंडू. चेंडू आम्ही घरीच करतो. फुग्यात बाजरी भरायची, वरून उलट्या बाजूने दुसरा फुगा चढवायचा, वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. रबरी चेंडू पडला की उसळून बाकाखाली जातो आणि तो शोधण्यात तास संपतो. बाजरीचा पडतो तिथेच बसतो.

एक चेंडू. एका हातातून दुसऱ्या हातात, वर डोळ्यांच्या उंचीपर्यंत, कमान करून. हे सगळ्यांना येतं. दोन चेंडू दिले की खरी गंमत. उजवा फेकतात आणि डावा उजव्या हातात सरळ ठेवून देतात, घरात ताट पुढे सरकवल्यासारखा. फेकला असं त्यांना वाटत असतं. शेजारच्याला बघायला सांगावं लागतं, "याने फेकला का दिला?" मग हसाहशी, आणि मग दुरुस्ती. पहिला चेंडू वर पोचून थबकतो, त्या क्षणी दुसरा सोडायचा. आधी नाही, नंतर नाही. मी "आता" असं ओरडत नाही, मुलांनाच म्हणायला लावते. दहा मिनिटांत सभागृहभर नुसता "आता, आता" चालू असतो.

तीन चेंडूंवर एक मुलगा अडकला. फेक चांगली, लयही होती, पण प्रत्येक फेकीला एक पाऊल पुढे टाकत तो व्यासपीठाला धडकायचा. चेंडू पुढे जातो म्हणून माणूस मागोमाग जातो, सगळ्यांचं होतं हे. त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, नाकाच्या आणि भिंतीच्या मधे हातभर जागा. आता पुढे फेकला की भिंतीवर आपटणार. पाचेक मिनिटं आपटले. मग आपटेनासे झाले. त्याने सलग सहा झेल घेतले, सातवा पडला आणि त्याने वळूनही न बघता चेंडू उचलून परत सुरुवात केली. इथे मी टाळ्या वाजवू देत नाही, टाळ्या वाजल्या की मूल थांबतं.

गणिताच्या बाई मागे उभ्या होत्या. त्यांना क्लॉड शॅननबद्दल सांगितलं. माहिती-सिद्धांताचा पाया घालणाऱ्या या माणसाला जगलिंगचं वेड होतं. त्याने त्याचं सूत्रच मांडलं. चेंडू हवेत किती वेळ, हातात किती वेळ आणि हात रिकामा किती वेळ, यांचा एकमेकांशी ताळा. बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं. रिकाम्या हाताचा वेळही सूत्रात धरलाय, हे त्यांना फार आवडलं.

शेवटची पंचवीस मिनिटं आमच्या दोरवाल्या ताईंची. त्या डोंबाऱ्याच्या घरातल्या. परातीत पाय ठेवून दोरावरून सरकत जाणं त्यांनी चौकाचौकांत केलंय. मुलांसाठी दोर जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, खाली गादी. ताई बोलत फारशा नाहीत. मुलाच्या हातात लांब बांबू देतात आणि त्याची हनुवटी धरून वर करतात, पायाकडे बघायचं नाही, दोर जिथे बांधलाय तिथे बघायचं. बांबू कशाला, असं एकीने विचारलं. ताईंनी तो काढून घेतला, मुलगी लगेच डगमगली. परत दिला, स्थिरावली. लांब, जड काठी चटकन फिरत नाही, म्हणून माणसाला सावरायला सवड मिळते. ताईंनी हे शब्दांत सांगितलं नाही, त्याची गरजही पडली नाही.

शाळेत ताईंना मानधन मिळतं, चहा मिळतो, 'गुरुजन' म्हणून गुलाबाचं फूल मिळतं. हाच दोर त्या बाहेरच्या चौकात बांधतील तर कायदा वेगळा आहे. 1959 सालच्या भीक मागण्याला बंदी घालणाऱ्या मुंबईच्या कायद्यात, सार्वजनिक जागी गाऊन, नाचून किंवा खेळ करून दाखवून पैसे मागणं भीक मागण्यातच धरलं आहे. ताईंना त्या कायद्याचं नाव माहीत नाही. दोर किती चटकन गुंडाळायचा असतो, ते मात्र चांगलं माहीत आहे.

1.30

डबा. मेथीची भाजी, भाकरी. मास्तर भातच खातात.

2.15

कागद. कोटेशन, करार, कलाकारांच्या विम्याचे हप्ते, मागच्या थकलेल्या पैशांसाठीचे मेसेज. एका आयोजकाकडून दिवाळीपासूनचे पैसे यायचे आहेत. तो रोज "उद्या नक्की" म्हणतो आणि सोबत हात जोडलेलं चित्र पाठवतो. माझ्या करारात पाच कलमं मी कधीच खोडू देत नाही. जमीन ओली असल्यास काठ्यांवर चालणार नाही. वारा असल्यास हवेत टांगणार नाही. आग मंडपाच्या छताखाली नाही. दारू प्यायलेल्या पाहुण्याने कलाकाराला हात लावला तर कार्यक्रम तिथेच बंद, पैसे पूर्ण. आणि जेवण. हे पाचवं कलम लिहावं लागतं याची लाज मला वाटत नाही, ज्यांना वाटायला हवी त्यांनाही वाटत नाही.

4.00

टेम्पो भरणं. काठ्या, गाद्या, कपड्यांच्या ट्रंका, आगीचं सामान वेगळ्या लोखंडी पेटीत आणि ती इंधनापासून लांब. पुढे दीड तास पुण्याची वाहतूक, त्यावर लिहिण्यासारखं कुणाकडेच काही नवीन उरलेलं नाही.

5.30

लॉनवर पोचलो. नदीकाठचं मोठं कार्यालय, रिसेप्शन साडेसातचं. मी उतरल्या उतरल्या चप्पल काढून हिरवळीवर चालते. दिवसा फवारे चालले असतील तर वरून काही दिसत नाही, पण काठीचं टोक बोटभर आत जातं आणि पाऊल उचलायला अर्धा क्षण उशीर होतो. तेवढ्यात माणूस तोंडावर.

हिरवळ खडखडीत कोरडी होती. आयोजकांची एक तरुण मुलगी धावत आली, गळ्यात वॉकी-टॉकी. "ताई, फवारे कालपासून बंद ठेवलेत. आणि माळा वर घ्यायला लावल्यात, चौदा फुटांवर." मी बघतच राहिले. तीच हसली, "तुमच्या शिबिराला होते मी, कॉलेजात असताना. एकदा काठ्या बांधल्या होत्या तुम्ही मला." मग आठवलं. तिने चार पावलं टाकली होती आणि उरलेला वेळ तिथेच पाय आपटत उभी होती, कारण त्या काठ्यांवर उभं राहताच येत नाही. टोक बारीक, टेकायला जागाच नाही. चालत तरी राहायचं, नाहीतर जागच्या जागी पावलं टाकत राहायची. थांबायचं तर बसायचंच.

अशा शिबिरांतून कलाकार किती निघतात, हे लोक मला विचारतात. फारच थोडे. पण माळा वर घ्यायला लावणारी माणसं निघतात. माझ्या धंद्याला सध्या कलाकारांपेक्षा त्यांची टंचाई जास्त आहे.

आगीचं मात्र तिच्याही हातात नव्हतं. यजमानांना नवरा-नवरीच्या दोन्ही बाजूंना जळते पंखे हवे होते, तेही स्टेजवर. स्टेजला वरून जॉर्जेटचे पडदे, मागे थर्माकोल, नवरीचा नेटचा घोळदार लेहंगा. मी नाही म्हटलं. नवऱ्या मुलाचे काका म्हणाले, "त्या दुसऱ्या लग्नात केलं होतं की." केलं असेल. आमची मुलगी आगीसोबत काम करताना जाडा सुती कपडा घालते, केस ओले करून घट्ट बांधते. शेजारी एक माणूस ओली गोणी घेऊन फक्त तिच्याकडे बघत उभा असतो, कार्यक्रमाकडे नाही. आग दिसायला मोकळी हवी, बाकी सगळं बांधलेलं हवं. शेवटी ठरलं, आग बाहेर, गाडी थांबते त्या दगडी चौकात. काकांना ते पटलं नाही, पण जागा आवडली.

ट्रसवर मास्तर स्वतः चढले. या वयात चढू नका, असं त्यांना सांगायची सोय नाही. खाली उतरून त्यांनी ट्रसवाल्या पोराला विचारलं, "ये बेस पे वजन कितना डाला?" पोराने आकडा सांगितला. मास्तरांनी आणखी चार पिंपं पाणी मागवलं.

7.20

काठ्या बांधणं. आमचे दोघे टेम्पोच्या मागच्या फळीवर बसतात, पाय लोंबते सोडून. आधी गुडघ्याच्या गाद्या, मग पोटरीला स्पंज, मग पट्टे, खालून वर. जास्त आवळला तर पाय मुंग्या येऊन बधिर होतो, सैल राहिला तर काठी फिरते. पट्ट्याखाली एक बोट जायला हवं, दोन नाही. वरून लांबलचक रेशमी विजार. साडेसातला तयार.

7.30 ते 8.40

वाट बघणं. नवरीचा मेकअप व्हायचा होता, मग फोटो, मग फोटोवाल्याचा ड्रोन. दोघे फळीवरच बसून. उतरता येत नाही, काठ्या सोडून परत बांधायच्या तर वीस मिनिटं जातात. पाणी बेताने प्यायचं, कारण लघवीला जायचं तर सगळंच सोडावं लागतं. जॅकेट अंगावर, वर विजार, पोटऱ्या पट्ट्यांत. एकाने मोबाइलवर क्रिकेट लावलं. आयोजकांची मुलगी दोनदा येऊन गेली, दुसऱ्यांदा तिने चहा आणला आणि काही बोलली नाही.

8.40

गाडी आली. दगडी चौकात आग पेटली, दोन पंखे, दोन मिनिटं, गोणीवाला शेजारी. काका व्हिडिओ काढत होते. दोघे काठीवाले गर्दीतून चालत निघाले. लहान मुलं नेहमीप्रमाणे आधी काठीला हात लावून बघायला धावली. त्यांना दूर ठेवायला खाली एक माणूस लागतो, आणि आयोजकांच्या लेखी तो नेहमी फुकट असतो. 9.15 ला सिल्क. मुलगी वर गेली, गुंडाळी घातली, सुटली, थांबली. खाली मास्तर तिच्याकडे बघत नव्हते, ट्रसच्या पायाकडे बघत होते. जेवणाच्या रांगेतून टाळ्या आल्या, हातात प्लेट धरून वाजवाव्यात तशा.

ती हसत होती. सावकाश, घाई नसल्यासारखी. सकाळचा अभ्यास जमला.

10.50

जेवण मिळालं, गरम मिळालं, ते त्या मुलीमुळे. पाकिटही तिनेच आणून दिलं. आत ठरलेले पैसे. आयोजकांचा वरिष्ठ माणूस सोबत होता. तो म्हणाला, "चाळीस मिनिटं ठरली होती, तुमचे लोक पस्तीसच चालले, घड्याळ लावून बघितलं मी." मी म्हटलं, पट्टे 7.20 ला आवळले, 9.20 ला सोडले. त्याला हे वेगळंच काहीतरी वाटलं.

टेम्पोवाल्याने दारातच वेटिंगचे दोन तास लावले. त्याला कुणी काही विचारलं नाही. मी माझ्या खिशातून दिले, आयोजकांच्या बिलात लावले आणि तेही कुणी नाकारले नाहीत. गाडी उभी राहिली की वेटिंग, हे सगळ्यांना पाठ आहे.

12.10

घरी. कोटेशनचा नमुना उघडला. उद्या सकाळी तीन जणांना पाठवायचा आहे. 'कालावधी : 40 मिनिटं' ही ओळ काढून टाकली. तिच्या जागी लिहिलं, 'काठ्यांवरील कलाकार : वेळ पहिला पट्टा बांधल्यापासून शेवटचा सोडेपर्यंत मोजला जाईल. पहिल्या तासानंतर वेटिंग लागू.' दर टेम्पोच्या वेटिंगच्या दुप्पट धरला. मग विचार करून तिप्पट केला.